बोर्डवाल्या बाईंचा फोन लागत नाही

बाईंनी सव्वीस वर्षं हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर काढली. तळमजल्यावर, केसपेपरच्या काउंटरमागे, एक बिनखिडकीची खोली होती. तिच्यात एक बोर्ड, एक उंच स्टूल, एक खडखडणारा पंखा आणि बाई. बाहेरून फोन आला की त्या म्हणत, "नमस्कार, हॉस्पिटल," आणि पलीकडचा माणूस रडत असो, ओरडत असो, नाहीतर नुसता धापा टाकत असो, त्याला नेमक्या वॉर्डाला जोडून देत. आवाज असा होता की ऐकणाऱ्याला वाटावं, आता काही वाईट होणार नाही. वाईट व्हायचं ते होतच असे, पण ते वरच्या मजल्यांवर.

बाईंचा चेहरा मात्र कोणाला ठाऊक नव्हता. डॉक्टरलोक रस्त्यात शेजारून निघून जायचे. एकदा दुकानात बाईंनी "अर्धा किलो बटाटे" म्हटलं, तर पुढे उभे असलेले मोठे सर्जन दचकून मागे वळले. ही गोष्ट बाईंनी पुढे शंभरदा तरी सांगितली असेल, आणि दर वेळी बटाट्यांचं वजन थोडं वाढलेलं असायचं.

ज्याच्याशी त्यांचं चेहरा न बघताच सूत जमलं तो माणूस तळघरात होता. तो जनरेटरवाला. वीज गेली की बाई एक्स्टेन्शन सदतीस लावायच्या आणि म्हणायच्या, "अंधार." तो म्हणायचा, "दोन मिनिटं." एवढंच. पण वीज वारंवार जायची, आणि हळूहळू त्या दोन मिनिटांतही बोलणं सुरू झालं. मग वीज असतानाही सदतीस नंबर वाजू लागला. चौदा वर्षांत दोघं समोरासमोर भेटली असतील दहा-बारा वेळा, तीही फाटकाशी, घाईत. समोर आले की जनरेटरवाले कानाला हात लावून "काय? काय?" करायचे, कारण मशीनच्या धडधडीनं त्यांचे कान बसले होते. फोनवर मात्र बाईंचं अक्षर न् अक्षर त्यांना कळायचं. "तुमचा आवाज मशीनच्या वरून येतो," ते म्हणायचे. बाईंना आयुष्यात मिळालेली ही सगळ्यात चांगली शाबासकी होती.

कारण घरी शाबासकी देणारं कोणी नव्हतं. नवरा परदेशात नोकरीला गेला आणि तिथलाच झाला, तेव्हा लेक सहा वर्षांची होती. बाईंनी तिला एकटीनं वाढवलं, शिकवलं, तिचं लग्न लावून दिलं. निवृत्त झाल्यावर गुडघे कुरकुरायला लागले, डोळ्यांवर पडदा यायला लागला, तशी लेक म्हणाली, "इकडेच ये." बाई आल्या. लेकीचं ऑफिसचं काम घरूनच चालायचं. तिच्या कामाच्या खोलीला प्लायवूडची आडभिंत घालून बाईंसाठी अर्धी खोली काढली होती. त्यात पलंग, लोखंडी कपाट आणि लेकीनं वापरून सोडलेला एक अँड्रॉइड फोन. "नवीन घेऊन काय करायचंय? तुला कुठं काय लागतंय," ती म्हणाली, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

चार वर्षांपूर्वी एका दुपारी त्या फोनवर अनोळखी नंबर आला. बाई नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "नमस्कार." पलीकडून जाडाभरडा आवाज आला, "अंधार."

बाई पलंगावर उठून बसल्या. पण सव्वीस वर्षांची सवय. त्या म्हणाल्या, "दोन मिनिटं."

जनरेटरवाले गावाच्या दुसऱ्या टोकाला, मुलाकडे राहायला गेले होते. बायको वारली होती. साधा बटणांचा फोन होता, आणि बाईंचा नंबर त्यांनी कोणाकडून तरी खटपट करून मिळवला होता. त्या दिवसापासून रोज चार वाजता रिंग यायची. कोण गेलं, कोण गेल्यासारखंच आहे, कुठल्या मेट्रनची सून पळाली, सगळी खबरबात व्हायची. ते जोक सांगायचे आणि शेवटच विसरायचे. बाई त्या विसरण्याला हसायच्या. त्यांचं हसू मोठं होतं, आणि प्लायवूड पातळ.

"आई, मीटिंग असते माझी चार वाजता," लेक म्हणायची.

"हळू बोलते गं."

"तू बोलत नाहीस, खिदळतेस. अडुसष्ट वर्षांची आहेस."

जावई मवाळ माणूस. तो ताटावरून मान वर न करता म्हणायचा, "असू दे, आईंना तेवढीच करमणूक," आणि लेक त्याच्याकडे असं बघायची की तो पाणी प्यायला लागायचा.

मग एका सोमवारी चार वाजले आणि फोन वाजला नाही.

बाईंनी साडेचारपर्यंत वाट पाहिली. नसेल बरं वाटत, असं म्हणून त्या पडून राहिल्या. मंगळवारी नाही. बुधवारी नाही. गुरुवारी त्यांनी स्वतःच नंबर लावला. लागला नाही. परत लावला, तरी नाही. एरवी फोन ठणठणीत होता. व्हिडिओ चालत होते, बातम्या दिसत होत्या, लेक बाजारातून फोटो पाठवून "हा साबण का?" विचारायची तेही येत होतं.

"तुझा फोन मस्त चाललाय की," लेक फोन हातात फिरवून म्हणाली. "त्यांचाच बंद असेल."

"रोजचा माणूस असा एकदम बंद होतो?"

"नंबर बदलला असेल. नाहीतर कंटाळले असतील, आई. माणसं कंटाळतात."

हे वाक्य बाईंना लागलं, कारण ते पटण्यासारखं होतं. जनरेटरवालेच एकदा म्हणाले होते, "मला कंटाळलात की सांगू नका, नुसतं उचलू नका. समजून घेईन." आता वाटायला लागलं, त्यांनी स्वतःसाठीही हाच मार्ग धरला असेल. बाईंनी आपलं शेवटचं बोलणं आठवून पाहिलं. त्या दिवशी त्यांनी जनरेटरवाल्यांच्या मुलाला ऐतखाऊ म्हटलं होतं. गमतीनंच, पण म्हटलं होतं. बापाला लागलं असेल का? हा ऐतखाऊ शब्द त्यांनी तोंडातल्या तोंडात इतके दिवस घोळवला की त्याचा अर्थच निघून गेला.

महिना गेला, दोन गेले. जेवण कमी झालं. चार वाजले की त्या फोन उशीजवळ ठेवून भिंतीकडे तोंड करून पडायच्या. लेक पडद्याआडून डोकावून जायची. कधी विचारायची, "आला का गं फोन?" आवाजात काळजी असायची. बाई म्हणायच्या, "नाही." लेक म्हणायची, "अरेरे," आणि कामाला बसायची.

अडीचेक महिन्यांनी एकदा फोन अडकला, काही केल्या हलेना. बाईंनी कडेचं बटण दाबून धरलं, तो बंद करून पुन्हा चालू केला. दुसऱ्या दिवशी चार वाजून पाच मिनिटांनी त्या तोंड धुऊन बाहेर आल्या तर पडद्यावर लाल खूण होती. मिस्ड कॉल. तोच नंबर! घाईत बाईंचं बोट भलतीकडेच पडायला लागलं. "अगं, मला लावून दे गं," म्हणून त्या लेकीकडे धावल्या.

लेकीनं फोन घेतला. पाठ करून खिडकीशी उभी राहिली. मिनिटभर तिचा अंगठा भराभर फिरत होता. मग फोन कानाला लावून म्हणाली, "लागत नाहीये. चुकून आला असेल." आणि परत दिला. तिसऱ्या दिवसापासून पुन्हा सामसूम.

सुतासारखी सरळ लेक. तिच्यावर संशय घ्यावा असं बाईंच्या मनात आलं नाही. पण कान संशय घ्यायला लागले. मन काहीही समजूत घालून घेतं, कान घेत नाहीत. रात्रंदिवस लाइनींवर बसलेल्या बाईला शांततेचे प्रकार माहीत असतात. पलीकडचा फोन बंद असेल तर कंपनीची ती रेकॉर्ड केलेली बाई बोलते. तिचा 'कृपया' बाईंना कधीच आवडला नव्हता, फार गुळगुळीत म्हणायची. नंबर चुकीचा असेल तरी ती बोलते. गुंतलेला असेल तर टूं टूं येतं. आणि इथं? त्या नंबर लावायच्या, दोन सेकंद काहीही नाही, मग टप् करून पडदा पुन्हा पहिल्यासारखा. ना बाई, ना टूं टूं.

एका दुपारी पडल्या पडल्या त्यांना कळलं. बोर्डावर असं एकाच कारणानं व्हायचं. पलीकडची लाइन गेली तर पलीकडून काहीतरी ऐकू येतं. काहीच ऐकू येत नाही तेव्हा आपलीच दोरी भोकात नीट बसलेली नसते.

त्या उठल्या, पायात चपला अडकवल्या, आणि लेक मीटिंगमध्ये असताना फोन पर्समध्ये टाकून जिना उतरल्या. गुडघे धरून, एकेक पायरी.

दोन गल्ल्या सोडून मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. चाळिशीची एक बाई काउंटरवर भिंगाचा दिवा लावून कोणाचा तरी चार्जर उघडून बसली होती. तोंडात स्क्रू धरलेला.

"काय होतंय?" तिनं तोंडातला स्क्रू बाजूला करत विचारलं.

"बाहेर फोन जात नाही. आत येत नाही. नेट मात्र चालतं."

"सिम खराब असेल."

"सिम खराब असतं तर नेट चाललं नसतं," बाई म्हणाल्या. "दोरी बसत नाहीये कुठंतरी."

दुकानवालीनं मान वर करून पहिल्यांदा नीट बघितलं. मग फोन घेतला, नंबर लावायच्या जागी चांदण्या आणि जाळीच्या खुणांमध्ये चार आकडे दाबले. बाईंनी कधी न पाहिलेलं एक पान उघडलं, बारीक अक्षरांनी भरलेलं.

"हे बघा," ती म्हणाली. "कोणीतरी हातानं 'एलटीई ओन्ली' केलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे फोनला सांगून ठेवलंय, फक्त फोरजीच पकडायचं, दुसरीकडे बघायचंसुद्धा नाही. नवीन फोन असता तर चाललं असतं, ते फोरजीवरूनच बोलतात. तुमचं मॉडेल जुनं आहे. याचं नेट फोरजीवरून येतं, पण बोलणं जुन्या नेटवर्कवरून जातं. ते दारच लावून घेतलंय. त्यामुळे नेट जोरात, आणि फोन करणाऱ्याला ऐकू येतं, 'संपर्क क्षेत्राबाहेर'."

"आपोआप होतं का असं?"

"छे. साध्या सेटिंगमध्ये हा पर्याय दिसतही नाही. हा नंबर माहीत असल्याशिवाय या पानावर येताच येत नाही. पोरं करतात, गेमसाठी. घरात पोरं आहेत?"

"नाहीत," बाई म्हणाल्या.

"आणि या फोनमध्ये बंद करून चालू केला की हे पुसलं जातं. मग पुन्हा जाऊन करावं लागतं."

बाईंना ती खिडकी दिसली, ती पाठ दिसली, तो भराभर फिरणारा अंगठा दिसला. दुकानवालीनं स्टूल पुढं सरकवलं. मग यादीतून बोट खाली नेऊन तिनं टूजी, थ्रीजी, फोरजी सगळं असलेल्या ओळीवर टेकवलं, आणि फोन बाईंच्या हातात दिला. "आता लावा."

बाईंनी लावला. रिंग गेली! पाच महिन्यांनी कानात रिंग गेली.

"हॅलो? कोण?" तोच आवाज.

"अंधार," बाई म्हणाल्या.

"कोण? मोठ्यानं बोला!"

"अहो, मी बोलतेय. बोर्डावरची."

"काही कळत नाही! घूं घूं येतंय नुसतं!" मग दूर कोणालातरी, "बघ गं कोण आहे."

फोन सुनेनं घेतला. गोड बोलणारी वाटली. "त्यांना फोनवर ऐकू येत नाही हो आता. दोन महिने झाले. कान पारच गेले. मशीन बसवलंय, पण ते समोरच्या माणसासाठी. तुम्ही कोण?"

बाईंनी सांगितलं. मग सून म्हणाली, "तुम्ही होय." गोडवा निघून गेला होता. "बरं झालं आठवण आली. रोज चारला फोन घेऊन बसायचे. लागत नाही, लागत नाही. मग म्हणाले, जाऊन येतो. दोन बस बदलून आले होते तुमच्याकडे, माहितीये ना? तुमच्या मुलीनं जिन्यातच सांगितलं, आईला तुमचा त्रास होतो, तिनंच फोन बंद ठेवलाय, वयाचा विचार करा. घरी येऊन दोन दिवस जेवले नाहीत."

"मला माहीत नव्हतं हो. तिनं माझा फोन... त्याचं नेटवर्क बदलून ठेवलं होतं. त्यांना सांगा ना."

सुनेनं ओरडून सांगितलं. बाईंना सगळं ऐकू येत होतं. "हॉस्पिटलच्या बाई! म्हणतायत, फोन बिघडवून ठेवला होता! मुलीनं!" मग लांबून जनरेटरवाल्यांचा आवाज आला, बहिऱ्या माणसाचा असतो तसा, गरजेपेक्षा मोठा. "सांग, राँग नंबर."

सून म्हणाली, "ऐकलंत ना," आणि फोन ठेवला.

दुकानवाली चार्जरमध्ये डोकं घालून बसली होती, काहीच ऐकलं नाही असं दाखवत.

बाई घरी आल्या तेव्हा लेकीची मीटिंग संपली होती. जावई नुकताच येऊन बूट काढत होता. बाईंनी पर्स टेबलावर ठेवली आणि बोर्डावरच्या आवाजात, म्हणजे अगदी शांतपणे, विचारलं, "एलटीई ओन्ली म्हणजे काय गं?"

जावयाचा एक बूट हातातच राहिला. तो तसाच आतल्या खोलीत गेला आणि दार लोटून घेतलं. म्हणजे त्यालाही ठाऊक होतं.

लेकीनं लॅपटॉप मिटला. पळवाट शोधली नाही. "कळलं तर," ती म्हणाली.

"त्या माणसानं तुझं काय वाकडं केलं होतं? लाज वाटत होती माझी? मग तोंडावर सांगायचंस. मी जिन्यात जाऊन बोलले असते, गच्चीत जाऊन बोलले असते. पाच महिने, अगं पाच महिने मी भिंतीकडे बघत पडले होते, आणि तू येऊन विचारायचीस, आला का फोन!"

"मीही विचारायचे," लेक म्हणाली. "आठवतं? रविवारी मला हॉस्पिटलात न्यायचीस. बोर्डाच्या खोलीबाहेर बाकावर बसवायचीस, जुने केसपेपर द्यायचीस पाठीमागे चित्रं काढायला. मी दर रविवारी विचारायचे, बाबांचा फोन आला का. तू म्हणायचीस, नाही गं राणी, परदेशची लाइन खराब आहे."

बाईंनी पर्सची चेन उघडली, पुन्हा लावली.

"दोन वर्षांपूर्वी मी चार दिवस ट्रेनिंगला गेले होते ना? ट्रेनिंग नव्हतं. बाबांकडे गेले होते. मरायला टेकले होते, कोणाकडून तरी निरोप आला. त्यांनी सांगितलं मला. दीड वर्षं, दर रविवारी अकरा वाजता फोन करायचे. आपल्या घरी फोन नव्हता म्हणून हॉस्पिटलात. आणि तू उचलायचीस. ते म्हणायचे, माझ्या मुलीशी बोलायचंय. आणि तू म्हणायचीस..." इथं लेकीनं आवाज बदलला. तिला तो आवाज हुबेहूब जमत होता. "'क्षमा करा, या नावाचं इथं कोणी नाही.' मी तीन पावलांवर बसलेली असायचे, आई. रंगीत खडू घेऊन."



"तो तुला बोलावून घेणार होता," बाई म्हणाल्या. "तिकडे. त्या दुसऱ्या बायकोच्या घरात. पहिल्याच फोनला म्हणाला, कागदपत्रं करतो. एकदा त्याच्याशी बोलली असतीस की हट्ट धरला असतास. मी तुला ओळखत होते. गेली असतीस."

"गेले असते."

"मग माझं काय राहिलं असतं?"

"हेच," लेक म्हणाली. "हेच ऐकायचं होतं मला. माझं काय झालं असतं हे कधी तुझ्या मनातच आलं नाही."

"मला पश्चात्ताप नाही," बाई म्हणाल्या. त्यांनाही आश्चर्य वाटलं, किती सहज तोंडून गेलं ते. "आज पुन्हा तीच वेळ आली तरी हेच करीन."

"मलाही नाही," लेक म्हणाली. "बाबांकडून आल्यावर मी मुद्दाम काही केलं नव्हतं. दीडेक वर्ष गप्प होते. पण रोज चार वाजता तू हसायचीस, आणि माझ्या डोक्यात अकरा वाजायचे. मग शोधून काढलं कसं करायचं ते. सोपं निघालं. दीड वर्षच करणार होते, त्याच्यावर एक दिवस नाही. पाच महिने झाले. तेरा बाकी होते."

बाईंनी लेकीच्या तोंडात मारली. आयुष्यात पहिल्यांदा. लेकीनं गालाला हातही लावला नाही. उठून चहाचं आधण ठेवलं, आणि तिघांसाठी तीन कप काढले.

त्या रात्रीपासून घरात या विषयावर कोणी बोललं नाही. भांडण झालं की एकाला घर सोडावं लागतं, असं गोष्टींत असतं. इथं कोण जाणार? बाईंना दुसरं घर नव्हतं, आणि लेकीला आई सोडायची नव्हती. जावयानं एकदा जिन्यात गाठून म्हटलं, "आई, मी तिला म्हटलं होतं हे बरं नाही." बाईंनी विचारलं, "कितीदा?" तो म्हणाला, "एकदा." बाई म्हणाल्या, "मग झालं."

पुढच्याच आठवड्यात बाई दोन बस बदलून जनरेटरवाल्यांकडे गेल्या. सुनेनं नाइलाजानं आत घेतलं. ते खुर्चीत बसले होते, कानामागे मशीन, अंगाला मलमाचा वास. बाईंना बघून ओळख पटायला वेळ लागला, कारण चेहऱ्याचा सराव कोणालाच नव्हता. बाईंनी सगळी हकीकत ओरडून सांगितली, सूनही मध्ये मध्ये ओरडत होती, आणि शेजारणीनं खिडकी उघडून पाहिलं. जी गोष्ट कानात सांगायची ती चौकात पुकारल्यासारखी झाली. जनरेटरवाल्यांना कळली असावी. त्यांनी मान हलवली. म्हणाले, "बरं." मग बराच वेळ म्हणत राहिले, "बरं, बरं."

राग गेला होता, पण रागाबरोबर बाकीचंही गेलं होतं. समोर बसलेली ही जाड चष्म्याची बाई आणि तो मशीनच्या वरून येणारा आवाज, ही दोन्ही एकच आहेत हे त्यांच्या डोक्यात बसेना. बाईंनाही वाटलं, कोण हा म्हातारा? बोलायला विषय निघेना. त्यांनी एक जोक सांगायला घेतला आणि शेवट विसरले. बाई हसल्या. त्यांना ते हसू ऐकू आलं नाही, म्हणून त्यांनी विचारलं, "काय? काय?"

बाई आणखी एकदा गेल्या. तिसऱ्यांदा गेल्या नाहीत. त्यांनीही निरोप पाठवला नाही.

फोन आता सगळ्यांसाठी उघडा होता. दुकानवालीनं ते चांदण्या-जाळीचे आकडे कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिले होते. बाई रोज सकाळी ते पान उघडून बघायच्या, ओळ जागेवर आहे ना. ती जागेवरच असायची. कधी बँकेचा फोन यायचा, कधी कर्ज हवंय का विचारणारी मुलगी. त्या मुलीशी बाई दोन-दोन मिनिटं बोलायच्या. "तुझा आवाज नाकात जातो," त्यांनी एकीला सांगितलं. "पोटातून बोल." मुलीनं फोन ठेवून दिला.

थंडी पडल्यावर डाव्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. लेकीनं आठवडाभर सुट्टी काढली. दवाखान्यात फॉर्म भरले, हात धरून नेलं, हात धरून आणलं. घरी आल्यावर दर दोन तासांनी औषधाचे थेंब घालायचे होते. लेकीनं मोबाइलवर गजर लावले, आणि गजर झाला की हातातलं काम टाकून, हात साबणानं धुऊन, ती यायची. एक वेळ चुकली नाही. शेजारणी म्हणाल्या, अशी लेक मिळायला नशीब लागतं. बाईंनी होकार दिला.

तिसऱ्या दिवशी पट्टी कायमची निघाली आणि सकाळच्या उन्हात लेक थेंब घालायला वाकली. दोन बोटांनी पापण्या फाकवल्या. नव्या भिंगातून बाईंना तिचा चेहरा कित्येक वर्षांनी स्वच्छ दिसला. कानशिलावर पांढरे केस, ओठांच्या दोन्ही बाजूंना खोल रेघा, डोळ्यांखाली सुजलेली कातडी.

"किती म्हातारी दिसायला लागलीस गं," बाई म्हणाल्या.

"हलू नकोस," लेक म्हणाली. "वर बघ." आणि तिनं बाटली दाबली.